वजन घटविण्याची शस्त्रक्रिया : तयारी, सावरणे आणि दुसऱ्या वर्षाची सोबत

स्थूलतेवरील शस्त्रक्रिया, जिला बेरियाट्रिक शस्त्रक्रिया म्हणतात, साधारणतः दीड-दोन तासांत पूर्ण होते. पोटावर चार-पाच लहान छिद्रे घेऊन ती दुर्बिणीच्या साहाय्याने केली जाते आणि गुंतागुंत नसल्यास रुग्ण दोन-तीन दिवसांत घरी परततो. तिच्याभोवतीची चर्चाही बहुधा या दिवसांपुरतीच असते. खर्च किती, धोका किती, महिन्याला किती किलो उतरतील, एवढेच विचारले जाते. वजनाचा काटा स्थिरावल्यानंतरच्या काळाविषयी मात्र फारसे कोणी बोलत नाही. वास्तविक या उपचाराचे यश त्याच काळात ठरते.

स्वीडनमध्ये १९८७ साली सुरू झालेला दीर्घकालीन अभ्यास या बाबतीत मार्गदर्शक आहे. शस्त्रक्रिया झालेल्या सुमारे दोन हजार आणि न झालेल्या जवळजवळ तितक्याच स्थूल व्यक्तींची त्यात वर्षानुवर्षे नोंद ठेवली गेली. शस्त्रक्रिया झालेल्या गटात मृत्यूचे प्रमाण कमी आढळले. त्यांपैकी गॅस्ट्रिक बायपास झालेल्यांचे वजन पहिल्या एक-दोन वर्षांत सरासरी ३२ टक्क्यांनी उतरले होते. दहा वर्षांनंतर ही घट २५ टक्क्यांवर आली. शंभर किलोचा माणूस ६८ किलोंवर गेला आणि पुढे ७५ वर स्थिरावला, असा त्याचा ढोबळ अर्थ. पंचवीस किलो कायमचे गेले हे लहान यश नव्हे. पण परत आलेल्या सात किलोंना अपयश समजून जो रुग्ण डॉक्टरांकडे जाणेच थांबवतो, त्याची हानी मोठी होते.

गोव्यासाठी हा विषय परका राहिलेला नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशात १५ ते ४९ वयोगटातील सुमारे एकचतुर्थांश महिला अतिवजनी अथवा स्थूल आहेत. गोव्यात हे प्रमाण एकतृतीयांशाहून अधिक आहे.

शस्त्रक्रिया कोणासाठी

पेप्टिक अल्सरसाठी जठराचा काही भाग काढलेल्या रुग्णांचे वजन उतरते, या निरीक्षणावरून अमेरिकेतील आयोवा येथील शल्यविशारद एडवर्ड मेसन यांनी १९६६ साली स्थूलतेसाठी पहिली गॅस्ट्रिक बायपास शस्त्रक्रिया केली. आज दोन प्रकार अधिक प्रचलित आहेत. ‘स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमी’मध्ये जठराचा सुमारे तीनचतुर्थांश भाग काढून उरलेल्या भागाला केळीच्या आकाराची नळी बनवतात. भूक चाळवणारे घ्रेलिन हे संप्रेरक मुख्यत्वे काढलेल्या भागातच तयार होत असल्याने भूकही मंदावते. ‘गॅस्ट्रिक बायपास’मध्ये जठराची लहानशी पिशवी करून ती लहान आतड्याच्या पुढच्या भागाला जोडली जाते. मधुमेह जुना असेल किंवा छातीत जळजळीचा तीव्र त्रास असेल, तर बायपासचा विचार अधिक होतो. स्लीव्हनंतर ही जळजळ काहींना वाढते.

पात्रतेचे माप म्हणजे बीएमआय, अर्थात किलोग्रॅममधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागून येणारा अंक. भारतीय शरीरात कमी वजनालाही मधुमेह आणि हृदयविकार गाठतात, हे ध्यानात घेऊन भारतीय तज्ज्ञांनी २००९ साली शस्त्रक्रियेची मर्यादा ३७.५ आणि सोबतचे आजार असल्यास ३२.५ अशी सुचवली. पाच फूट तीन इंच, म्हणजे १६० सेंटिमीटर उंचीच्या महिलेच्या बाबतीत हे वजन अनुक्रमे ९६ आणि ८३ किलो होते. आरोग्यविम्याचा हिशेब मात्र वेगळा आहे. विमा नियामक प्राधिकरणाने ठरवून दिलेल्या अटींनुसार विमा कंपनी ४० बीएमआय, अथवा ३५ बीएमआयसोबत अनियंत्रित मधुमेह, हृदयविकार किंवा झोपेत श्वास थांबण्याचा गंभीर विकार असल्यासच खर्चाचा विचार करते. त्याच महिलेसाठी ही वजने १०२ आणि ९० किलो होतात. वैद्यकीय दृष्टीने पात्र असलेला रुग्ण विम्याच्या दृष्टीने अपात्र ठरण्याची शक्यता या फरकातून निर्माण होते. त्यामुळे विमा कंपनीचे उत्तर शस्त्रक्रियेची तारीख घेण्यापूर्वी, आणि तेही लेखी, मिळवणे शहाणपणाचे. २०२५ पासून वजन घटविण्याची सेमाग्लुटाइड व टिर्झेपॅटाइड ही इंजेक्शनेही देशात उपलब्ध झाली असल्याने काहींच्या बाबतीत निर्णय आणखी लांबणीवर टाकता येतो. ती चालू असल्यास भूलतज्ज्ञांना आधी सांगणे मात्र अनिवार्य आहे, कारण त्यांमुळे जठर सावकाश रिकामे होते.

तयारीचे आठवडे

वैद्यकीय तयारीची यादी रुग्णालयाकडून मिळते. रक्त, थायरॉइड, हृदय व फुप्फुसांच्या तपासण्या, जठराची दुर्बिणीने पाहणी, घोरण्याचा त्रास असल्यास झोपेची चाचणी या गोष्टी तिच्यात येतात. धूम्रपान किमान सहा आठवडे आधी थांबवावे लागते. शेवटच्या दोन आठवड्यांत पिष्ट व मेद अगदी कमी असलेला आहार देतात. त्याचे कारण रुग्णाला क्वचितच समजावले जाते. स्थूल व्यक्तीचे यकृत मेदाने फुगलेले असते आणि त्याचा डावा भाग जठरावर झाकणासारखा पसरलेला असतो. दोन आठवड्यांच्या पथ्याने ते आकसते आणि शल्यविशारदाला जठरापर्यंत सुरक्षितपणे पोहोचता येते. ‘पुढे खायला मिळणार नाही’ म्हणून याच पंधरवड्यात आवडत्या पदार्थांवर हात मारणारे रुग्ण आपल्याच शस्त्रक्रियेत अडथळा उभा करीत असतात.

मनाच्या तयारीसाठी अशी यादी नसते. मानसोपचारतज्ज्ञांची भेट ही उत्तीर्ण होण्याची परीक्षा आहे, असा समज करून अनेक जण तेथे रात्रीचे चोरून खाणे, नैराश्य किंवा मद्यपान लपवतात. वस्तुतः यांपैकी बहुतेक गोष्टी शस्त्रक्रियेच्या आड येत नाहीत. त्यांवर आधी उपचार करावे लागतात इतकेच. लपवलेली गोष्ट मात्र पुढे वर येते. दुःखात, कंटाळ्यात, एकटेपणात ज्याचा आधार अन्न हाच होता, त्याचा तो आधार शस्त्रक्रियेच्या दिवशी काढून घेतला जातो आणि त्या जागी काय येणार, हा प्रश्न अनुत्तरित राहतो.

याच टप्प्यावर या वाटेने आधी गेलेल्या व्यक्तीची भेट मोलाची ठरते. शल्यविशारद धोक्याचे प्रमाण सांगू शकतो. पहिल्या आठवड्यात पाण्याचा घोट गिळतानाही छातीत कसे दाटून येते, हे तो स्वानुभवाने सांगू शकत नाही. शक्य झाल्यास एकाऐवजी तीन जणांना भेटावे. एकाची शस्त्रक्रिया तीन महिन्यांपूर्वी झालेली, दुसऱ्याची दोन वर्षांपूर्वीची आणि तिसऱ्याची पाचाहून अधिक वर्षांपूर्वीची असावी. तीन महिन्यांचा रुग्ण बहुधा आनंदात असतो, कारण दर आठवड्याला वजन उतरत असते. दोन वर्षांच्या रुग्णाकडे सांगण्यासारखे अधिक असते. पाच वर्षांनंतरच्या व्यक्तीकडून हे सारे आयुष्यात कसे मुरते याची कल्पना येते. ‘किती किलो उतरले?’ हा प्रश्न या भेटीत सर्वांत कमी उपयोगाचा आहे. कोणत्या गोष्टीचा पश्चात्ताप झाला, घरात कोण दुरावले, कोणती गोळी घेणे सुटले आणि का, असे विचारणाऱ्याला खरी माहिती मिळते.

पहिले दोन महिने आणि गोव्याचे स्वयंपाकघर

पहिले काही दिवस केवळ पातळ, गाळलेले पेय. मग दूध, ताक यांसारखे दाट द्रव. त्यानंतर वाटलेले, मग मऊ अन्न, आणि सहा ते आठ आठवड्यांनी नेहमीचे जेवण, असा आहाराचा सर्वसाधारण क्रम असतो. नेमके दिवस प्रत्येक शल्यविशारदाचे वेगळे असतात आणि त्याचाच क्रम पाळायचा असतो. पेजेची निवळ गोव्याच्या घराला नवी नाही, ही येथे सोयीची बाब. मात्र पेजेत जवळजवळ सगळे पिष्टच असते आणि रुग्णाला गरज असते प्रथिनांची, दिवसाला किमान ६० ग्रॅम. जठरात एका वेळी अर्धी वाटीही मावत नसताना एवढे प्रथिन पोटात जाणे सोपे नसते. शंभर ग्रॅम बांगड्यातून सुमारे २० ग्रॅम, दोन अंड्यांतून १२, शंभर ग्रॅम पनीरमधून १८ आणि दोन पेले दुधातून १२-१३ ग्रॅम प्रथिन मिळते. हा हिशेब रोज मांडावा लागतो. मासे खाणाऱ्यांची त्यातल्या त्यात सोय असते. मऊ शिजवलेला मासा कोंबडी-मटणापेक्षा सहज उतरतो. तिसऱ्यांसारखे चिवट शिंपले मात्र बरेच महिने दूर ठेवणे बरे. हुमणातील मसाला आणि नारळाचा रस यांचे प्रमाणही सुरुवातीला बेताचेच असावे. शाकाहारी रुग्णांना डाळ, दही, पनीर यांवर भागत नसल्यास आहारतज्ज्ञ प्रथिनांची पूड सुचवतात.

काही गोष्टी कागदावर लिहिलेल्या असूनही एखाद्याने समजावून सांगितल्याशिवाय अंगवळणी पडत नाहीत. जेवताना आणि जेवणानंतर अर्धा तास पाणी प्यायचे नाही. दिवसभर मात्र घोटाघोटाने ते पीत राहायचे. पाव तोंडात मऊ वाटतो, पण गिळल्यावर गोळा होऊन अडकतो. कोरड्या भाताचेही तेच होते. ताट बदलून बशी आणि लहान चमचा घेतल्याने जेवणाची गती आपोआप कमी होते. बायपास झालेल्या रुग्णाने दोदोल किंवा बिबिंक यांसारखा अतिगोड पदार्थ खाल्ला, तर अर्ध्या तासाच्या आत घाम, धडधड, पोटात कळा आणि जुलाब सुरू होऊ शकतात. साखर आतड्यात वेगाने उतरल्याचा हा परिणाम असतो. पहिल्यांदा तो अनुभवणाऱ्याला हृदयविकाराचा झटका आल्यासारखे वाटते आणि आधी कल्पना असणारा निदान घाबरून जात नाही. तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात केस गळू लागतात, विशेषतः स्त्रिया यामुळे हादरतात. वजन झपाट्याने उतरल्याचा हा तात्पुरता परिणाम असून प्रथिने व लोह पुरेसे मिळाल्यास केस पुन्हा येतात.

मधुमेहाच्या रुग्णांची रक्तशर्करा शस्त्रक्रियेनंतर काही दिवसांतच, वजन उतरण्यापूर्वीच, खाली येऊ लागते. जुनी औषधे जुन्याच मात्रेत चालू राहिल्यास ती धोकादायक पातळीपर्यंत घसरू शकते. म्हणून औषधांची फेरआखणी घरी जाण्यापूर्वीच करून घ्यावी. सांधेदुखीवर सर्रास घेतल्या जाणाऱ्या आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांसारख्या वेदनाशामक गोळ्या बायपासनंतर जठराच्या जोडावर व्रण निर्माण करू शकतात. औषधाच्या दुकानातून परस्पर गोळी आणण्याची सवय अशा रुग्णाने सोडलीच पाहिजे.

आणि काही लक्षणांबाबत सोबत्यांचा सल्ला घेण्यातही वेळ घालवायचा नसतो. नाडीचे ठोके मिनिटाला १२० च्या वर जाणे, ताप, पोटातील वाढती वेदना, डाव्या खांद्यातील दुखणे, धाप, पोटरीची सूज, काळी शौच, किंवा पाणीही पोटात न टिकणे, यांपैकी काहीही आढळल्यास तत्काळ शल्यविशारद गाठावा अथवा रुग्णालयाचा अपघात विभाग. वारंवार उलट्या होत राहिल्यास ब-१ जीवनसत्त्वाची कमतरता अवघ्या काही आठवड्यांत निर्माण होते आणि मेंदूला कायमची इजा पोहोचू शकते. ‘शस्त्रक्रियेनंतर उलट्या व्हायच्याच’ असे एखाद्या अनुभवी रुग्णाने सद्भावनेने सांगितले, तरी ते ऐकू नये.

आग्रहाचे काय करायचे

मराठी घरात प्रेम वाढून दाखवले जाते. पंगतीत यजमान आग्रह करतो आणि पाहुणा नको-नको म्हणत घेतो, हा शिष्टाचारच आहे. चतुर्थीला माहेरी आलेल्या लेकीने दोन घासांत हात धुतले, तर आईला ते आपल्या हाताचा अपमान केल्यासारखे वाटते. ज्या व्यक्तीला तिसरा घास शब्दशः मावत नाही, तिची अशा वेळी कोंडी होते. घेतले तर उलटी, नाकारले तर रुसवा. त्यात शस्त्रक्रिया गुप्त ठेवलेली असेल, तर कारणही सांगता येत नाही.

गुप्तता का ठेवली जाते, हे समजण्यासारखे आहे. स्थूलतेला आपल्याकडे आळसाचे फळ मानतात आणि शस्त्रक्रियेला त्यातून काढलेली पळवाट. लहान राज्यात तर बातमी म्हापशाहून काणकोणपर्यंत जायला वेळ लागत नाही. पण न सांगण्याचीही किंमत असते. झपाट्याने वजन उतरलेल्या माणसाकडे पाहून शेजारी गंभीर आजाराची कुजबुज करू लागतात आणि काही महिन्यांनी कौतुक सुरू झाले की तेही निखळ वाटत नाही. अनेकांनी मधला मार्ग काढलेला दिसतो. घरातील सर्वांना, आणि बाहेरच्या एक-दोन विश्वासूंना, पूर्ण सांगायचे; इतरांना ‘पोटाची शस्त्रक्रिया झाली आहे, थोडे थोडे खावे लागते’ एवढेच. ते खोटेही नसते. आहारतज्ज्ञांच्या भेटीला घरात स्वयंपाक करणाऱ्या व्यक्तीला, मग ती सासू असो, पत्नी असो वा पती, सोबत नेले तर पुढचे निम्मे वाद होत नाहीत.

दुसरे वर्ष

बारा ते अठरा महिन्यांनंतर वजन उतरणे थांबते. भूक काही अंशी परतते, जठर थोडे सैलावते, कौतुक ओसरते. रुग्णालयाच्या भेटी विरळ झालेल्या असतात. गोव्यातील काही रुग्णांची शस्त्रक्रिया बेळगाव, पुणे किंवा मुंबईला झालेली असते. त्यांना तर दर भेटीमागे रजा आणि प्रवास आला. ‘आता बरा आहे’ म्हणून पाठपुरावा सुटतो तो याच सुमारास, आणि शस्त्रक्रियेचे उशिरा प्रकटणारे परिणामही याच सुमारास डोके वर काढतात.

ब-१२ जीवनसत्त्वाचे उदाहरण घेता येईल. यकृतातील त्याचा साठा दीर्घकाळ पुरतो, त्यामुळे गोळ्या सोडलेल्या रुग्णाला बराच काळ काहीच जाणवत नाही. साठा संपत आला की थकवा, पायांना मुंग्या, विस्मरण सुरू होते, आणि त्याचा शस्त्रक्रियेशी संबंध लावायला तोवर कोणी उरलेला नसतो. लोह, कॅल्शियम, ड-जीवनसत्त्व यांच्याबाबतीतही हेच घडते. या गोळ्या आयुष्यभराच्या आहेत आणि वर्षातून एकदा रक्ततपासणीही. लोह व कॅल्शियम एकत्र न घेता त्यांत दोन तासांचे अंतर ठेवायचे असते, ही बारीक गोष्टही याच काळात विस्मरणात जाते.

मद्याचा प्रश्न गोव्यात स्वतंत्रपणे मांडायला हवा. बायपासनंतर मद्य रक्तात वेगाने चढते आणि अधिक काळ राहते. पूर्वी दोन पेग पचवणाऱ्याला एकातच झिंग येते. अमेरिकेतील दहा रुग्णालयांच्या एका अभ्यासात, जो २०१२ साली प्रसिद्ध झाला, मद्यविकाराचे प्रमाण शस्त्रक्रियेपूर्वी ७.६ टक्के होते. पहिल्या वर्षाअखेर त्यात वाढ दिसली नाही. दुसऱ्या वर्षी ते ९.६ टक्क्यांवर गेले. वर्षभर सारे सुरळीत चालल्याने रुग्ण आणि घरचे दोघेही निर्धास्त झालेले असतात, तेव्हाच ही वाढ होते. लग्नात, फेस्ताला, नाताळात फेणीचा किंवा उराकाचा पेला हातात देणाऱ्या मित्राला याची कल्पना नसते. सुरुवातीच्या काळात मद्य पूर्ण वर्ज्य आणि नंतरही शक्य तितके दूर, हाच सुरक्षित नियम.

मनाचेही तसेच. वजन उतरले की संसार सुधारेल, नोकरीत मान मिळेल, अशा आशा शस्त्रक्रियेला चिकटलेल्या असतात. वजन उतरते आणि जुनी दुःखे जिथल्या तिथे असतात. त्यात सैल लोंबणाऱ्या त्वचेचे नवे दुःख मिळते. शस्त्रक्रियेनंतरच्या वर्षांत स्वतःला इजा करून घेण्याच्या घटना वाढत असल्याचे कॅनडातील ऑन्टॅरिओ प्रांतातील अभ्यासात आढळले आहे. अशा बहुतेक रुग्णांना आधीपासून मानसिक आजार होता. तसे विचार मनात येऊ लागल्यास केंद्र सरकारच्या ‘टेलिमानस’ सेवेचा १४४१६ हा निःशुल्क क्रमांक दिवसरात्र उपलब्ध आहे. तरुण स्त्रियांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट नोंदवली पाहिजे. वजन उतरताच गर्भधारणेची शक्यता वाढते, पण बारा ते अठरा महिने गर्भधारणा टाळण्याचा सल्ला दिला जातो. आणि बायपासनंतर तोंडाने घ्यायच्या गर्भनिरोधक गोळ्यांवर विसंबता येत नाही.

सोबतीचा गट कसा असावा

समदुःखी माणसांनी नियमित एकत्र बसण्याची आधुनिक पद्धत १९३५ साली अमेरिकेतील ‘अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस’पासून रूढ झाली. गोव्यातही तिच्या सभा भरतात. पुण्याच्या ‘मुक्तांगण’ने १९८६ पासून व्यसनमुक्तीच्या कामात हीच जाणीव मराठी समाजात रुजवली. स्थूलतेच्या शस्त्रक्रियेसाठी अमेरिकेत मान्यताप्राप्त केंद्रांना असे आधारगट चालवावे लागतात. गटात नियमित येणाऱ्यांचे वजन अधिक उतरते असे अनेक अभ्यासांत दिसते. अर्थात ज्यांची जिद्द मुळातच अधिक तेच नियमित येतात, हाही त्याचा एक भाग असणार. त्यामुळे गट म्हणजे औषध, असा दावा करणे अतिशयोक्तीचे होईल. पाठपुरावा सुटू न देणे, हे मात्र गट निश्चितपणे करू शकतो. ‘या वर्षी रक्त तपासले का?’ असे विचारणारे कोणीतरी असणे, एवढ्यानेही पुष्कळ फरक पडतो.

आपल्याकडे असे गट बहुधा रुग्णालयेच भरवतात. त्यांत आहारतज्ज्ञ उपस्थित असतो ही जमेची बाजू. पण व्यासपीठावर केवळ आधीची आणि नंतरची छायाचित्रे दाखवली जात असतील आणि वजन परत आलेला एकही रुग्ण बोलत नसेल, तर ती सभा जाहिरातीची समजावी. प्रथिनांची पूड विकणारा सदस्यही गटाचा सूर बिघडवतो. चांगल्या गटाचे नियम थोडे आणि कडक असतात: येथे ऐकलेले बाहेर जाणार नाही, कोणी कोणाचे औषध बदलणार नाही, वजनाच्या आकड्यांची स्पर्धा होणार नाही. यांतील पहिला नियम गोव्यासारख्या ठिकाणी सर्वांत कठीण. आपल्या गावापासून दूरच्या, म्हणजे फोंड्याच्या माणसाने मडगावच्या आणि मडगावच्या माणसाने पणजीच्या बैठकीला जाणे, हा त्यावर व्यवहार्य उपाय आहे. बसने तासाभराचा रस्ता.

गट मोठा असण्याची गरज नसते. चार-पाच जण, महिन्यातील एक ठरलेला रविवार आणि दारे बंद करता येतील अशी एक खोली पुरते. जोडीदारांना दर तिसऱ्या-चौथ्या बैठकीला बोलवावे, आणि त्यांना रुग्णांपासून वेगळेही बसू द्यावे; कारण ज्याच्यासोबत वर्षानुवर्षे एका ताटात जेवलो तो आता चार घासांत उठतो, याचे दुःख त्यांनाही असते आणि ते रुग्णासमोर बोलता येत नाही. बैठकीला चहा असावा, साखर वेगळी ठेवलेली. वर्षभर न फिरकलेला एखादा सदस्य दहा किलो वाढवून परत आला, तर त्याच्या वजनाची विचारपूस न करता त्याला आधी बसायला खुर्ची द्यावी. त्याची रक्ततपासणी केव्हा झाली होती, हे चहा झाल्यावर विचारता येते.